हरणाचा खिमा आणि कापसाचा काटा

शेरभर खिमा खाल्ला की अंगावर शेरभर मांस चढतं, असं मला वाटत असे. बरोबर शेरभर. कणगीत पायलीभर ज्वारी ओतली की कणगी पायलीनं भरते, तसं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं. विचारायची मला कधी गरजच वाटत नसे. त्या वयात मला दोन गोष्टी येत नव्हत्या, एक लिहिणं-वाचणं आणि दुसरी गप्प बसणं. पहिली म्हातारपणी नातीनं शिकवली, म्हणून हे लिहिते आहे. दुसरी राहून गेली.

माझं माहेर अकोल्याकडचं आणि सासर अमरावतीकडं, नांदगाव खंडेश्वरापासून दोन कोसांवर. दोन्हीकडं काळी जमीन आणि दोन्हीकडं कापूस. ते दिवसच कापसाचे होते. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा मुलखात लोक आपसात लढत होते म्हणे, आणि त्यांच्या भांडणानं आमच्या पऱ्हाटीच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. गावातल्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. ज्यांनी जन्मात डोक्याला धड मुंडासं गुंडाळलं नव्हतं ते ऊन नसतानाही छत्री घेऊन वावरात जाऊ लागले. माझे सासरे रोज सकाळी तोंड धुऊन झालं की हात जोडून म्हणत, "कोन कोनाशी लढून रायलं ते मले माईत नाई बाप्पा. पन त्याईचं भांडन एवढ्यात मिटवजो नोको." सासूबाई आतून म्हणत, "लोकाईचे लेकरं मरून रायले अन् तुमी काय मांगून रायले." मग सासरे दुसऱ्यांदा हात जोडत आणि पहिलं मागणं परत घेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अमरावतीच्या बाजारात एका कास्तकारानं आपल्या बंडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीची धाव चढवली आहे, अशी एक बातमी आमच्या गावात आली होती. ती विहिरीवर आली, तिथून आमच्या घरात आली आणि माझ्या डोक्यात शिरली ती निघेना. चांदीचं चाक. ते धुळीतून फिरत असेल तेव्हा दिसतं कसं, खडकावरून गेलं तर वाजतं कसं, शेणात गेलं तर कोण पुसतं. मी अमरावती पाहिली नव्हती. माहेरी असताना अकोल्याचा बाजार पाहिला होता, आणि सासरची माणसं ऐकवत की अमरावतीपुढं अकोला म्हणजे आठवडी बाजार. मला ते चाकही पाहायचं होतं आणि सासरच्यांचं म्हणणं खोटं आहे हेही डोळ्यांनी पाहून यायचं होतं.

आमच्या धन्यांनी कबूल केलं होतं, पौषात कापसाची पहिली गाडी अमरावतीला नेतील तेव्हा मला सोबत घेतील. अंबादेवीचं दर्शन हे घरात सांगायचं कारण. आणि नेमके आश्विनात धनी हिवतापानं पडले.

नऊ दिवस ते शुद्धीत नव्हते. त्यातल्या सातव्या दिवशी मी ओल्या फडक्याच्या घड्या बदलत होते, आणि एकदा घडी उचलली तर खाली कपाळ थंड लागलं. मी ओरडलेही नाही. घडी हातात घेऊन बसून राहिले. मग ते खोकले. एवढंच झालं, पण त्या वेळी मला चाक आठवलं नव्हतं हे माझ्या बाजूनं लिहून ठेवते, कारण पुढं माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं फारसं नाही. मी बाहेर आले तेव्हा अंगणात सासूबाई रिद्धपूरच्या दिशेला तोंड करून, हात जोडून उभ्या होत्या. काहीतरी पुटपुटत होत्या. मला ऐकू आलं नाही.

सासूबाई महानुभाव पंथाच्या, उपदेश घेतलेल्या; रिद्धपूर हे त्यांचं तीर्थ. आमच्या घरात मासमच्छी शिजत नसे. सासरे खात, पण वावरातल्या झोपडीमागं तीन धोंड्यांवर शिजवून, आणि मग विहिरीवर आंघोळ करून घरी येत. ते भांडंही झोपडीतच उपडं पडलेलं असे. मी माहेरी सगळं खाल्लेली. इथं आल्यावर चार वर्षं वरण-भाकरीवर काढली होती.

दिवाळीनंतर धनी उठले. उठले म्हणजे घरातल्या खाटेवरून अंगणातल्या बाजेवर आले. अंगावर काही उरलं नव्हतं. हिरड्या सुजलेल्या, भाकर चावायची तर घासागणिक थांबावं लागे. नांदगावचा वैद्य आला. त्यानं नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि सासऱ्यांना म्हणाला, "हरणाचं मांस द्या. बकऱ्याचं देऊ नका, त्याला चरबी फार, जड पडेल. हरीण हलकं. थंड. पोटाला त्रास नाही, रक्त होतं. दात चालत नाहीत तर बारीक खिमा करून, चांगला शिजवून द्या."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घरात नाई."

"घरात कोन म्हन्ते," सासरे म्हणाले. "वावरात करतीन."

"करा ना मंग. खानाऱ्याचं तोंड त्याचं हाय," असं म्हणून त्या आत गेल्या. जाताना लेकाकडं पाहिलं. लेकानं बाजेच्या सुंभाकडं पाहिलं. मी हे दोन्ही पाहिलं आणि त्यातून काहीच काढलं नाही, कारण मी तोवर मनात खिमा शिजवायला घेतला होता.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी निकाल सांगितला. चुलत दीर पाठीमागं उभे होते, मान बैलासारखी आणि बोलणं त्याहून कमी. सासरे म्हणाले, "पौषात पह्यली गाडी निघन. ज्याच्या हातानं बोजा गाडीवर चढन, त्यानं गाडी न्यावं. माह्या लेकाच्या हातून चढला तर त्यानं. नाई तर यानं." आणि चुलत दिरांच्या खांद्यावर हात ठेवला. ते गाडी नेणार असते तर मला कोण बसवून नेणार होतं? त्यांच्या बायकोनं नेऊ दिलं नसतं, आणि मीही गेले नसते. तेव्हा बोजा धन्यांनी उचलायला हवा होता. बोजा म्हणजे कापूस दाबून भरलेलं, तोंड शिवलेलं गोणपाटाचं धूड. चांगला गडी एकटा उचलतो, पण चांगला गडी.

माझ्या हातात दीड महिना होता, आणि माझ्या डोक्यात तो शेराला शेर असा ठोकताळा होता.

खळ्यात तीन बल्ल्या रोवून कापसाचा मोठा काटा टांगलेला असे. एका पारड्यात धोंडे, एका पारड्यात कापूस. एका दुपारी सगळे वेचणीला गेलेले पाहून मी धन्यांना काठी धरून तिथवर चालवत आणलं.

"काहून आनलं मले इथं?"

"बसा."

"काट्यात?"

"तुमचं वजन पायजे मले."

"मी काय कापूस हाय का वं?"

"कापूस असता तर घरात आनखी चांगलं ठेवलं असतं. बसा."

ते घाबरत होते. आजारी माणसाला तोललं तर आयुष्य तोललं जातं, असं आमच्याकडं म्हणत. तेव्हा भीती मोडावी म्हणून मी आधी स्वतः बसून दाखवलं. दोन मोठे धोंडे आणि सहा लहान, शेराशेराचे, एवढी भरले. मग ते बसले. तीन मोठे धोंडेही पुरते लागले नाहीत. चार हात उंचीचा माणूस आणि माझ्याहून थोडाच जास्त. मी कोळशानं बल्लीवर रेघा ओढल्या, इकडं त्यांच्या, तिकडं माझ्या. माझ्या काही कामाच्या नव्हत्या, पण कोळसा हातात होता.

हरीण आणायची ती एक पारधीण. तिच्या घरची माणसं माळावर फासे लावत. ती पळसाच्या पानांत मांस बांधून आमच्या वावराच्या धुऱ्याशी, बांधावर, येऊन बसे. बदल्यात तिला ज्वारी हवी असे. मोठी रुबाबदार बाई. बोलताना माझ्याकडं पाहत नसे, माझ्या मागच्या झाडाकडं पाही. खिमा कसा करायचा तेही तिनंच शिकवलं. सासूबाईंचा पाटा मिळणं शक्य नव्हतं. तिनं बाभळीचा एक ओंडका आडवा टाकला, दोन्ही हातांत दोन सुऱ्या दिल्या आणि म्हणाली, "ढोल वाजवते तसं वाजव. दोरे दिसले का काढून फेक." मी वाजवत राहिले. वाजवता वाजवता मनगटं सुजली. त्याचाही पुढं उपयोग झाला, पण तो पुढं.

हरणाच्या मांसाला चरबी नसते हे वैद्यानं सांगितलं होतं. त्याचा अर्थ मला गाडग्यात कळला. बकऱ्याचं मांस चुलीवर ठेवलं की स्वतःचं तेल स्वतः सोडतं. हे बुडाला चिकटून बसलं. मग जवसाचं तेल घातलं. कांदा, लसूण, भाजलेली खसखस, काळा मसाला आणि रस्सा दाटावा म्हणून चिमूटभर ज्वारीचं पीठ. असा घमघमाट सुटला की दोन वावरांपलीकडं वेचणीवाल्या बाया माना वर करून पाहू लागल्या.

आणि मग गाडग्यात पाहिलं, तर खिमा कमी.

कच्चा शेरभर होता. मी स्वतः काट्यावर घेतला होता. शिजला आणि पाऊण शेर झाला. पुन्हा तोलला, तेवढाच. मी मनात म्हटलं, ही बाई मला फसवते. कशी फसवते हे सांगता आलं नसतं, कारण तोलला मी, चिरला मी आणि शिजवला मी. पण पाव शेर गेला होता आणि मला चोर हवा होता.

पुढच्या खेपेला पारधीण आली तेव्हा मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. "तुह्या मांसात खोट हाय. शेराचा पाऊण शेर होते."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "शिजवल्यावर?"

"शिजवल्यावर."

"गाडग्यातून धूर निंघते का नाई?"

"धूर नाई, वाफ निंघते."

"मंग ते काय हाय? पानी हाय. उडून जाते. जे उरते ते मांस." मग ती पळसाचं पान सावकाश सोडवत म्हणाली, "पोरी, तुह्या घरी कापूस कसा तोलतेत? काट्यावर चढवाच्या आंधी सकाऊन दवात ठेवतेत का नाई? पानी शिंपडतेत का नाई? मंग वाळल्यावर हलका होते तवा अमरावतीवाला येऊन तुह्या सासऱ्याले इचारते का, खोट हाय म्हनून?"

मी गप्प. वर लिहिलं आहे की गप्प बसणं मला येत नव्हतं. त्या दिवशी आलं.

"वल्ला कापूस इकनाऱ्याईच्या घरची सून," ती मागच्या झाडाला म्हणाली, "अन् मले सुकं मांस मांगते." जाताना तिनं ज्वारी नेहमीपेक्षा मूठभर जास्त घेतली, आणि मी दिली.

आता ताटाचं सांगते, कारण सगळी गंमत ताटात आहे.

नवऱ्याचं जेवण झालं की त्याच्या उष्ट्या ताटात बायकोनं जेवायचं, अशी आमच्याकडची रीत. नवरा खाताना बायकोनं समोर बसून पाहायचं नाही. वाढायचं आणि आडोशाला जायचं. जेवताना नवऱ्यानं ताटात एखादा घास बायकोसाठी मागं ठेवायचा, ही रीत नव्हे, ती हौस. ज्याचा जीव आहे तो ठेवतो. ज्याचा नाही त्याचं ताट चाटून पुसून असतं. विहिरीवर बायका एकमेकींना डिवचत, "काय वं, आज ताटात काय सापडलं?" कोणी सांगे लोणच्याची फोड, कोणी सांगे गुळाचा खडा. माझ्या ताटात चार वर्षांत कधी कधी भाकरीचा पापुद्रा सापडे. आमचे धनी बोलायलाही कमी आणि ठेवायलाही कमी, असं मी मनाला समजावलं होतं.

पहिल्या दिवशी झोपडीच्या पुढं मी खिमा-भाकर वाढली आणि मागं जाऊन भांडी घासत बसले. हाक आली तेव्हा गेले. ते हात धुऊन बाजेवर पडले होते. आमचं कुत्रं पायाशी होतं. ताटात अर्धी भाकर झाकलेली. उचलली, तर खाली खिमा. घास नव्हे. ओंजळभर.

मला रडू आलं. मी म्हटलं, हा माणूस नऊ दिवस यमाच्या दारात बसून आला, अंगात रक्त नाही, आणि शेरातला एवढा माझ्यासाठी ठेवतो. मी झोपडीकडं पाठ करून बसले आणि सगळा खाल्ला. टाकणं म्हणजे त्यांचा अपमान झाला असता. आणि आता कोणाला लाजायचं, चांगलाही झाला होता.

असं सात वेळा झालं. दर खेपेला अर्धी भाकर आणि तिच्याखाली ओंजळभर खिमा. मी विहिरीवर काही सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून कळेल अशी काळजी घेतली. कोणी विचारलं, "काय सापडलं?" की मी फक्त घागर उचलत असे. घागर आता मी एका झटक्यात उचलत असे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. चोळ्या तंग झाल्या, तेव्हा मी म्हटलं, धुऊन आटल्या. बांगड्या भरायला कासारीण आली. माझा हात दाबून दाबून तिच्या कपाळाला घाम आला. "हात जाड झाला हो बाई तुमचा," ती म्हणाली. मी म्हटलं, तुझा साचा लहान झाला. खिमा कापून मनगटं सुजली आहेत हेही मी तिला सांगितलं. ते खरंही होतं, पण दंड कशानं सुजले ते तिनं विचारलं नाही.

शेराला शेर मोजणाऱ्या त्या शहाण्या पोरीनं कच्चा खिमा तोलला, शिजलेला तोलला, गेलेल्या वाफेसाठी भांडली. उष्टं ताट काही तोललं नाही.

पौष लागला. गाडी निघायच्या आदल्या दिवशी सकाळी खळ्यात सगळे होते. मी सासऱ्यांकडं पाठ करून, पदर पुढं ओढून सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, याईले काट्यावर बसवा म्हना. सात शेर चढले असतीन. मंग मामाजीले बोजाची चिंता नाई."

"कोनं सांगतलं सात शेर?"

"सात शेर खिमा खाल्ला त्याईनं."

सासूबाई लेकाकडं पाहून हसल्या. त्या हसतात हे मला माहीत नव्हतं. "बस रे," त्या म्हणाल्या.

धनी बसले. सासऱ्यांनी माझ्या कोळशाच्या रेघा पाहून धोंडे टाकले. पारडं किंचित खाली गेलं. एक शेर टाकल्यावर सरळ झालं. दीड महिन्यात एक शेर.

"हा एक माह्या ताकाचा," सासूबाई म्हणाल्या. "आता तू बस."

"मी?"

"बस म्हनलं ना."

सासऱ्यांनी रीतीप्रमाणं पाठ फिरवली. मी बसले. बल्लीवर माझ्या रेघा होत्याच. सासूबाईंनी त्या बघून दोन मोठे धोंडे आणि सहा लहान टाकले. मी जमिनीवरून हलले नाही. त्यांनी सातवा टाकला. आठवा. मी पारड्याच्या दोऱ्या घट्ट धरून, काट्यात काहीतरी बिघाड आहे असं सांगायला तोंड उघडलं होतं. नववा. दहावा. अकराव्याला पारडं उचललं.

चुलत दीर, जे एरवी मानही वळवत नसत, वाकून धोंडे पुन्हा मोजू लागले.

"पाच अन् एक सहा," सासरे पाठमोरेच म्हणाले. "सातवा शेर कुठं गेला?"

धनी कुत्र्याकडं पाहू लागले. सगळे कुत्र्याकडं पाहू लागले. कुत्रं उन्हात पडलं होतं, अंग असं चकाकत होतं की तेल लावलं आहे असं वाटावं.

मग सगळं बाहेर आलं. तापाच्या सातव्या दिवशी अंगणात सासूबाई पुटपुटत होत्या ते हे, की माझा लेक उठला तर त्याच्या तोंडी कधी कुठल्या जिवाचं मांस जाऊ देणार नाही. लेक शुद्धीवर आला तेव्हा त्याच्याकडून हातावर हात घेऊन वचन घेतलं होतं. मग वैद्यानं हरीण सांगितलं. आईला नाही म्हणता येईना, कारण शब्द दिला होता. बायकोला नाही म्हणता येईना, कारण ती दोन्ही हातांत सुऱ्या घेऊन उभी होती. हे त्यांनी खळ्यात, सगळ्यांसमोर, याच शब्दांत सांगितलं. सासरे इतके हसले की त्यांना मुंडासं सोडून तोंड पुसावं लागलं.

आज मला वाटतं की माझा हिशेब मोडला नव्हता. शेराला शेर अगदी बरोबर चढला होता, फक्त तोंड चुकलं होतं. पारधीण असती तर तिनं झाडाकडं पाहून विचारलं असतं, उडालेलं पाणी धरलं का. पण त्या दिवशी मला एवढंच कळलं की मी दीड महिना खिम्याच्या दिवशी थंडीत दोन-दोन आंघोळी करून, बोटं कापून घेऊन, एका माणसाला जगवते आहे असं समजून स्वतःला आणि कुत्र्याला पोसत होते. आणि उद्या बोजा होता. त्या रात्री मी धन्यांकडं पाठ करून झोपले. चांदीच्या चाकाकडंही.

सकाळी गाडी उभी केली. एकेक बोजा गड्यांनी चढवला. शेवटचा धन्यांसाठी ठेवला. चुलत दिरांच्या हातात तुतारी आधीपासूनच होती, बैलांना टोचायची ती काठी. धन्यांनी धोतर खोचलं, बोजाला मिठी मारली आणि उचलला. गुडघ्यापर्यंत आला. मांडीपर्यंत आला. तिथं थांबला. त्यांच्या मानेच्या शिरा दिसू लागल्या. 

मी पाण्याची घागर घेऊन उभी होते. घागर खाली ठेवल्याचं मला आठवत नाही. पदर दातांत धरला, कासोटा आवळला आणि बोजाच्या खालच्या कोपऱ्याला हात घालून जो रेटा दिला, त्यानं बोजा वर तर गेलाच, पण गाडीवरून पलीकडं जाऊन जमिनीवर पडला. चुलत दीर बाजूला उडी मारून वाचले. म्हणून तो पुन्हा उचलावा लागला. दुसऱ्यांदा आम्ही दोघांनी तो नीट ठेवला.

सुनेनं सासऱ्यासमोर बोजा उचलणं हे त्या दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांनी मिशी ओढली. मग सासूबाईंना म्हणाले, "मी काय बोललो होतो?"

"ज्याच्या हातानं बोजा चढन त्यानं गाडी न्यावं, असं बोलले होते."

"हात किती होते?"

"चार."

"मंग चारही जाऊ द्या," सासरे म्हणाले आणि चुलत दिरांच्या हातातली तुतारी काढून घेतली.

अमरावती पाहिली. अंबादेवीचं दर्शन झालं. बाजारात मी तीन चाकवाल्या सुतारांना आणि एका लोहाराला चांदीच्या धावेचं विचारलं. सुतार हसले. लोहारानं विचारलं, "तू कोनत्या गावची?" मी अकोल्याची असं सांगितलं. कुठंही चांदी नव्हती. गाड्या, गाड्यांमागं गाड्या, धूळ, आणि उडणारा कापूस माणसांच्या भुवयांना चिकटलेला. सगळे एकदम म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. अकोल्यापेक्षा बाजार मोठा होता. हे मी सासरी कधी कबूल केलं नाही.

परत येताना दुपारी एका नाल्याशी गाडी सोडली. बैल पाण्यावर नेले. मी शिदोरी उघडली, भाकर, मिरच्यांचा ठेचा, कांदा. ताट एकच होतं. वाढलं आणि उठून आडोशाला निघाले, पण दोन दिवस पोटात ठेवलेलं तोंडाशी आलं.

"तुमाले खायाचं नव्हतं, तर सारं कुत्र्याले काहून नाई घातलं? माह्या ताटात काहून ठेवलं?"

ते ठेचा भाकरीवर पसरत होते. वर पाहिलं नाही. "तुले आवडत होतं."

"तुमाले काय माईत?"

"मीठ पाहाले म्हनून चार-चार डाव चाखत होती. झोपडीच्या कुडातून दिसे." मग कांदा फोडत म्हणाले, "चार साल झाले वरन-भाकर खाऊन रायली. कधी बोलली नाई."

म्हणजे विहिरीवर मी चेहऱ्यानं जे सांगत होते ते खोटं नव्हतं. हे मला तेव्हाच सुचलं, पण बोलले नाही. जन्मात दुसऱ्यांदा.

त्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं. "आज तू पह्यले खाय."

"असं कोनी करते का?"

"बोजा असा कोनी उचलते का?"

मी जेवले. सावकाश, ऐटीत. अर्धी भाकर आणि तिच्याखाली ठेच्याचा गोळा ठेवला, आणि ताट त्यांच्यापुढं केलं. त्यांनी भाकर उचलून खाली पाहिलं आणि हसले. मग ताट पुसून खाल्लं. बैलांनी पाहिलं, दुसरं कोणी नव्हतं.